उपडा कप

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी मशीनवर बघत तिच्या छातीतल्या गाठीत खुणेची बारीक तार बसवली. तारेचं बाहेर राहिलेलं टोक हलू नये म्हणून नर्सनं त्यावर चहाचा कागदी कप उपडा चिकटवला.

रात्रीपासून उपाशी असलेली ती कप सांभाळत बाहेर आली. "तुझ्याबरोबर मीही उपाशी," म्हणणारा नवरा दारातच उभा होता. त्याच्या मिशीत बिस्किटाचा चुरा होता.

"चहा प्यायलात ना?"

"अगं, तुझ्या काळजीनं हातपाय गळाले. अर्धाच घेतला."

गाठ सापडल्यापासून ती हसलीच नव्हती. आता हसू आवरेना.

"मावशी, हसू नका, तार हलेल," नर्सनं दटावलं.

तिनं गाऊनवरून कप घट्ट धरला. "शुद्धीवर आले की उरलेला अर्धा मला. कप आहे माझ्याकडे."