पहिली फेरी जोतिबाची

या सौद्यात शिवमूर्तीला एक अख्खी गाडी मिळायची होती आणि त्याच्या पदरचे जाणार होते फक्त रविवार.

गाडी एकोणीसशे अठ्ठावन्नची, दोन दारांची, माणसाच्या खांद्याएवढी. विजयसिंहांच्या मुलानं, राजवीरनं, ती भंगारातून आणून उघडली होती. 'सुरू झाली की पहिली फेरी जोतिबाची, न थांबता,' असा नवस बोलून तो मधेच गेला. तापाचं निमित्त झालं.

विजयसिंहांनी शिवाजी पेठेतल्या शिवमूर्ती मिस्त्रीला बोलावलं. "पोराचा नवस फेडायचा हाय. ज्या दिवशी ही डोंगर चढंल, त्या दिवशी गाडी तुझी. माझा शब्द."

शिवमूर्तीनं कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, ब्रेकचे रबर नवे टाकले. गाडी शिलाई मशीनसारखी चालू लागली. दर रविवारी दुपारी ती निघायची. विजयसिंह चालवायचे. त्यांची बायको संयोगिताबाई मागं बसायच्या, कारण पुढची सीट राजवीरची. पाठोपाठ स्कूटरवर शिवमूर्ती.

आणि दर रविवारी घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी बंद पडायची.

ओढून न्यायला टेम्पो येईपर्यंत नवरा-बायको दगडावर बसून भडंग खायचे.

"कांदा आणला न्हाईस व्हय?"

"तुमच्या लेकानं सवय मोडली की. त्याला वास चालत नव्हता."

"त्याला अभ्यास बी चालत नव्हता."

शिवमूर्ती बॉनेटमध्ये डोकं घालून ऐकायचा.

"आवं, आख्खं कोल्हापूर गाड्या घेऊन तुमच्या दारात येतंय, आन् ही डबी तुमाला चढवता येईना?" त्याची बायको शांतादेवी विचारायची.

"जुनी हाय गं."

"मी बी जुनीच हाय. बंद पडले का कधी?"

खरं कारण तो तिला सांगू शकत नव्हता. पहिल्या फेरीच्या आधीच संयोगिताबाई एकट्या गॅरेजात आल्या होत्या. "शिवा, गाडी वर जाऊ देऊ नकोस. नवस फिटला की ह्यांना सकाळी उठायला कारण उरणार न्हाय."

तेव्हापासून शिवमूर्ती शनिवारी पेट्रोलच्या नळीत कापसाचा बोळा घालत होता. सपाटीला पेट्रोल पुरायचं, चढाला कमी पडायचं.

अशी दोन वर्षं गेली. मग शिवमूर्तीच्या लेकीचं, सुष्मिताचं, नेसरीत ठरलं. तिनं एकच मागितलं, "आप्पा, मी सासरी जाणार त्या छोट्या गाडीतनं." लग्नाला आठ दिवस उरले. शिवमूर्तीनं मनाशी हिशेब घातला: दोन वर्षं पुष्कळ झाली.

त्या शनिवारी त्यानं बोळा घातला नाही.

रविवारी गाडीनं पहिलं वळण सहज घेतलं. स्कूटरवर शिवमूर्ती चक्क शीळ घालत होता. दुसऱ्या वळणावर गाडीनं दोन गचके दिले आणि ती बंद पडली.

त्यानं बॉनेट उघडून एक प्लग काढला. पेट्रोलनं ओलाचिंब. इतक्या रविवारांत त्यानं प्लग काढून बघितलाच नव्हता. दोष आपलाच, बघायचं काय? आता तो खिडकीशी गेला. चोक पुरता बाहेर ओढलेला होता. तापलेलं इंजिन जादा पेट्रोलनं गुदमरलं होतं. चोकच्या गुंडीवर विजयसिंहांची बोटं अजून तशीच होती.

संयोगिताबाई दगडाकडं चालत निघाल्या होत्या.

"काका, हे काय वो?"

"हळू बोल." विजयसिंहांनी बायकोकडं बघितलं. "घरात ती एक शब्द बोलत न्हाय, शिवा. निस्ती इथं बोलती."

"कवापासनं चाललंय हे?"

"पहिल्या रविवारपासनं."

दगडावर भडंगाची पुडी सोडता सोडता संयोगिताबाईंनी नवऱ्याच्या नकळत शिवमूर्तीला हात जोडले.

शिवमूर्तीनं बॉनेट लावलं. "काकी, आज बी काय खरं न्हाय!" तो ओरडला आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.

आठ दिवसांनी सुष्मिता भाड्याच्या मोटारीतून नेसरीला गेली.