डावा त्यांचा, उजवा तिचा

डाव्या स्लाइडमध्ये पणजोबा स्पष्ट होते आणि पाळण्यातली पणती धूसर. उजवीत पणती स्पष्ट होती, आणि पणजोबांच्या जागी खुर्चीवर टाकलेलं धुणं असावं तसं काहीतरी.

आजीने भिंग पुसलं आणि दिव्याच्या दुधी काचेवर वाकून पुन्हा बघितलं. काही फरक पडला नाही.

"अहो, या दोन्ही एकाच फोटोच्या आहेत ना?"

"मग? एकदमच तर बटण दाबलं आपण," आजोबा म्हणाले आणि भिंग घेऊन स्वतः वाकले. वाकले ते वाकलेच राहिले.

दोघांचा धंदाच तो होता. एका पट्टीवर शेजारी शेजारी बसवलेले दोन सारखे कॅमेरे, डावा त्यांचा, उजवा तिचा. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबायचं. मग बिस्किटाएवढ्या दोन स्लाइड दोन भिंगांच्या पेटीत घालून डोळ्यांना लावल्या, की समोर फोटो उरत नाही, खोलीच उभी राहते. साध्या फोटोत मागचं धूसर असलं तर लोक वा वा करतात. इथे ते चालत नाही. नजर त्या खोलीत शिरते, आणि शिरली की दारात थांबत नाही, पार कोपऱ्यापर्यंत फिरून येते. म्हणून पुढचं-मागचं सगळं स्पष्ट हवं, हा त्यांच्या घरचा नियम.

मागच्या रविवारी तो पाळता आला नव्हता. पुढे पाळणा, मागे खिडकीशी प्लास्टरमधला पाय पसरून बसलेले पणजोबा. लेन्सचं तोंड बारीक केलं असतं तर दोघंही स्पष्ट आले असते, पण त्याला पाच सेकंद लागतात, आणि त्र्याण्णवाव्या वर्षी पणजोबांची मान पाच सेकंद स्थिर राहत नाही. तोंड मोठं ठेवायचं तर दोघांपैकी एकच कोणीतरी स्पष्ट येणार. लेकीची गाडी दारात उभी होती, रोलमध्ये एकच फ्रेम उरली होती आणि पोरगी आता दोन वर्षांनी येणार होती.

तरी दोघं भांडलेच. आजोबा म्हणाले, पोरीवर फोकस. आजी म्हणाली, बाबांवर. "पोरीचे हजार फोटो निघतील. बाबांचा..." एवढं बोलून ती थांबली, आणि तिथेच आजोबांना राग आला. बापाचा हा शेवटचा फोटो, असं मनात धरून त्यांना बटण दाबायचंच नव्हतं. शेवटी दोघंही "बरं" म्हणाले. कोणी कोणाचं ऐकलं, ते विचारायचं मात्र राहून गेलं.

"डावा तुमचा," आजी आता म्हणाली. "त्यात बाबा कसे आले?"

आजोबांनी उगाच घसा साफ केला. "फोकस फिरवला मी शेवटी. म्हटलं, तुझं खरं आहे." हे वाक्य त्यांच्या तोंडून एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदाच निघालं असावं. "आणि उजवा तुझा. त्यात पोरगी कशी?"

"तुमचा चेहरा बघवेना. म्हटलं, होऊ दे यांच्या मनासारखं."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही सांगितलंत? जन्मात एक गोष्ट ऐकली नाहीत माझी. ऐकायला हाच मुहूर्त सापडला?"

"तेलही गेलं, तूपही गेलं," आजोबा पुटपुटले.

आजीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. पणजोबा आणि पणती एकत्र असलेला एवढा एकच फोटो होता, तोही दोघांनी चांगुलपणा करून घालवला होता.

"आले का रे फोटो?" आतल्या खोलीतून पणजोबांची हाक आली.

"आले, बाबा. पण बिघडलेत."

"बिघडलेले तर बिघडलेले. मी तरी कुठे धड आहे? आण इकडे."

आजोबांनी नाइलाजाने स्लाइड पेटीत बसवल्या आणि पेटी बापाच्या हातात दिली. पणजोबांनी खिडकीकडे तोंड केलं, दोन्ही भिंगं सवयीने आपल्या डोळ्यांजोगी फिरवून घेतली आणि बघू लागले. पेटी काही खाली येईना.

"बाबा, राहू दे ते," आजोबा म्हणाले.

"कोण म्हणतं बिघडलाय? पोरीच्या पापण्या मोजून घ्या. आणि मागे तो म्हातारा बसलाय, त्याच्या गालावर दाढीचे खुंट राहिलेत. सूनबाई, मला सांगायचं नाहीस का गं?"

"दोघंही दिसतात?" आजीने विचारलं. "स्पष्ट?"

"स्पष्ट म्हणजे? हात लांब केला तर लागतील."

"असं कसं होईल, बाबा? एका डोळ्याला एकच दिसतंय, दुसऱ्याला दुसरं."

"माझे डोळे तरी कुठे सारखे आहेत? मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हा पेपर वाचतो, हा रस्ता बघतो. भांडत नाहीत कधी."

"बघू, बघू!" आजी पुढे झाली.

"थांब, आधी मला. डावा माझा होता!"

"आणि उजवा कोणाचा होता? द्या ना, बाबा!"

दोघंही एकदमच पेटीवर झेपावले. पणजोबांनी ती डोळ्यांवरून काढली नाही. मोकळा हात तेवढा वर करून दोघांना थोपवलं.

"हळू बोला रे," ते कुजबुजले. "उठेल ना ती."