लाल दिवा विझेपर्यंत

लाल दिवा लागला तशी मास्तरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. स्टिअरिंगपलीकडे थर्मामीटरचं इवलंसं चित्र लुकलुकत होतं.

"इंजिन तापलंय, नाना."

नाना मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसले होते. त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "वास येतोय? वाफ दिसतेय? दिवा खोटं बोलतोय. चल तू."

नानांचा उभा जन्म ट्रक चालवण्यात गेला होता. ब्रेक निकामी झालेला ट्रक त्यांनी एकदा घाटातून सुखरूप खाली आणला होता, आणि ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की सुनेलासुद्धा तोंडपाठ होती. असल्या माणसाच्या पोटी मास्तर जन्माला आले, हे नानांना कधी पटलंच नाही. पाण्याला घाबरणारा, पालीला घाबरणारा, गॅस बंद केला की नाही ते चारचारदा उठून बघणारा मुलगा. नाना त्याला 'भागूबाई' म्हणत. लहानपणी म्हणत, व्याह्यांच्या देखत म्हणत. एकदा शाळेतली मुलं घरी आली होती, त्यांच्यासमोरही म्हणाले. दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात शिरले तर फळ्यावर तेच नाव, भल्या मोठ्या अक्षरात.

"दिवा लागलाय म्हणजे काहीतरी असणारच," मास्तर म्हणाले. "दाखवून घेऊ."

"भागूबाई," नाना पुटपुटले.

पुढच्याच वळणावर पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज होतं. मिस्त्री चहाचा कप बाजूला ठेवून उठला. त्याने बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या रबरी नळीवर तळवा ठेवला आणि हसला.

"कोमट आहे फक्त. पाणीही काठोकाठ भरलंय." मग त्याने तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर उपसली. टोकावर हिरवट गंज चढला होता. त्याने तो घासून काढला, वायर पुन्हा खोचली आणि चावी फिरवली. दिवा विझला. "झालं काम. बिनधास्त पळवा."

"थर्मोस्टॅट बघितला नाहीत," मास्तर म्हणाले.

"काय गरज आहे? इंजिन तापलेलंच नाही."

"तरी बघा. अर्धवट काम मला चालत नाही."

मिस्त्रीने खांदे उडवले. गिऱ्हाईक चिकट आहे, पण गरीब स्वभावाचं आहे, हे त्याने ओळखलं. पाणी उतरवून त्याने झाकण खोललं आणि थर्मोस्टॅट बाहेर काढला. तेवढ्यात त्याची बायको शेडच्या मागून आली.

"काकांना आत आणून बसवा की. गाडीत किती उकडतंय. घामाघूम झालेत ते."

"राहू द्या, वहिनी. झोप लागलीय त्यांना. उठवलं की खेकसतात."

"बरं नाही का त्यांना?"

"गाडी लागते. आयुष्यभर गाडी चालवली, आता मागे बसवलं की मळमळतं." मास्तर हसले. वहिनीही हसल्या.

मागून काचेवर टकटक झाली. मास्तरांनी जाऊन काच खाली केली. नानांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण दुखतंय हा शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नव्हता.

"किती वेळ, अरे?"

"होतंच आलंय, नाना. खात्री करून घेतो."

"कसली खात्री? मी सांगतोय ना, गाडी ठणठणीत आहे." नानांनी त्यांची बाही धरली. मास्तरांनी बोटं हळूच सोडवली आणि काच वर केली.

वहिनींनी स्टोव्हवर पातेलं चढवलं. मिस्त्रीने थर्मोस्टॅट तारेला बांधून पाण्यात सोडला; पाणी तापलं की त्याची झडप आपोआप उघडायला हवी. पाणी तापायला वेळ लागत होता. मास्तर शेजारी उकिडवे बसून एखाद्या विद्यार्थ्यासारखे बघत राहिले. मध्येच खिशात फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि आवाज बंद केला.

"बहीण आहे. वाट बघतेय."

"मग सांगा तरी तिला," वहिनी म्हणाल्या.

"उगाच काळजी करेल."

पाणी उकळायच्या बेतात आलं तशी झडप अलगद उघडली. "बघा. नव्यासारखी चालतेय," मिस्त्री म्हणाला.

"आणि पंखा?"

पंखा तपासून झाला. पाण्याचा पंपही झाला. नवं गॅस्केट बसवून मिस्त्रीने पाणी भरलं आणि इंजिन चालू केलं. "आता आतली हवा काढायची. त्यासाठी हीटर फुल ठेवावा लागतो. काकांना खरंच बाहेर घेऊ या, भट्टी होईल आत."

"असू द्या. हल्ली त्यांना थंडीच वाजते."

नळीतून बुडबुडे येत राहिले, येईनासे झाले. मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. "आता जगाच्या टोकाला गेलात तरी दिवा लागायचा नाही."

मास्तरांनी त्याचे मनापासून आभार मानले. वळण ओलांडून त्यांनी गाडी झाडाखाली उभी केली, हीटर बंद केला आणि मागचं दार उघडलं. नानांच्या मनगटावर बोटं ठेवून ते बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग नाकापाशी हात धरला. एकदा खात्री झाल्यावरही पुन्हा धरला. नानांची कलंडलेली मान त्यांनी सरळ केली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि फोन काढला.

"अरे, आहेस कुठे तू?" ताई रडकुंडीला आली होती. "हॉस्पिटलच्या दारात कधीपासून स्ट्रेचर घेऊन उभे आहेत सगळे. डॉक्टर म्हणतायत, ॲटॅकमध्ये एकेक मिनिट मोलाचं असतं. कसे आहेत नाना?"

"गाडी तापली होती गं, ताई," मास्तर म्हणाले. "आता निघतोय. आता घाई नाही."