सातवं मिनिट

काचेपलीकडच्या खोलीत पाच वर्षांची रेवती टॅबलेटवर ससा पळवत होती. चाचणीला ठरलेला मुलगा तापामुळे आला नाही, म्हणून मंजिरीने आपल्याच लेकीला आणलं होतं. गेम तिनेच बनवला होता. कॉलेजात असताना ती जेवणखाण विसरून गेम खेळायची; आता कुठलाही उघडला, की खेळणारा कंटाळून कुठे उठेल, एवढंच तिला दिसायचं. ती जागा बुजवायची, हीच तिची नोकरी.

सातव्या मिनिटाला रेवतीने टॅबलेट खाली ठेवला आणि दाराकडे बघून हाक मारली, "आई!"

"इथे का उठली?" काचेशी मंजिरीशेजारी बसलेल्या तिच्या साहेबांनी, निमकर सरांनी विचारलं.

"तिला आई हवी झाली, सर."

"अहो, मग आई आठवूच नये असं काहीतरी टाका तिथे."

मंजिरीने आठवडाभर डोकं लढवलं. आता सातव्या मिनिटाला सशाला एक पिल्लू भेटायचं आणि खेळणारा थांबला, की ते मोठमोठ्याने रडायला लागायचं.

दुसऱ्या चाचणीला तेच मूल बसवायचं, असा नियम होता. रेवती बसली. सातवं मिनिट गेलं, दहावं गेलं, विसावं गेलं. निमकर सरांनी टाळ्या वाजवल्या. "मॅडम, कमाल केलीत!"

मंजिरी उठून आतल्या खोलीत गेली. "झालं गं राणी, चल घरी."

रेवतीने मान वर केली नाही. मंजिरीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला.

"तू जा ना, आई. मी उठले, तर ते रडतं."