पळीभर जास्त

मायलेकांनी अनोळखी शहरात चार टेबलांची खानावळ काढली. लेक रांधायचा, आई वाढायची. "लाजू नका, घ्या," म्हणत नको नको म्हणणाऱ्याच्या ताटातही ती पळीभर भाजी सोडायचीच. एक दिवस एक गिऱ्हाईक चिडून भरल्या ताटावरून उठलं, तसा लेक सगळ्यांदेखत आईवर उखडला.

"हे आपलं घर नाही, आई! मागितल्याशिवाय कुणाला वाढायचं नाही."

त्या दिवसापासून आई मागितल्यावरच वाढू लागली. पुढे खानावळीचा चांगला जम बसला.

परवा गिऱ्हाईक ओसरल्यावर दोघं जेवायला बसली. त्याचं ताट रिकामं झालं. जन्मात कधी मागावं लागलं नव्हतं, म्हणून तो नुसताच बसून राहिला. भाजीचं पातेलं आईच्या हाताशीच होतं.

"लागलं तर माग हं," आई सहज म्हणाली.