मायेचं वजन

पूर्वी अमका घोडा थोर की तमका, यावरून रेसकोर्सवर जाणत्या माणसांची डोकी फुटत. मग एकाच अजिंक्य घोड्याच्या पेशींतून आठ हुबेहूब घोडे काढले आणि सगळ्या शर्यती त्यांच्यातच लावल्या. भांडण मिटलं, न्याय झाला. तरी जिंकायचा सहा नंबरचाच घोडा.

रेसकोर्सच्या समितीने तपास केला. फरक एवढाच निघाला, की त्याची निगा राखणारा गेनबा मोतद्दार त्याला 'राजा' म्हणायचा आणि गेनबाची चाहूल लागली की घोड्याच्या काळजाचे ठोके संथ व्हायचे. ठोके मोजणाऱ्या यंत्राने तो संथपणाच माया म्हणून मोजला; ठोके जितके संथ, तितका काटा वर. जिंकणाऱ्यावर जादा वजन लादायची रीत जुनीच. खोगिराखाली चार किलो शिसं आलं, मग सहा, मग नऊ. पुढचा पाय सुजला. आणखी एक किलो चढलं तर तो मोडणार, असं डॉक्टर म्हणाले. आणि पाय मोडलेल्या घोड्याला गोळीच घालतात.

"माया कमी कर, वजन उतरवतो," पंच फिरोजसाहेब गेनबाला म्हणाले. "नियम सर्वांना सारखा."

"सायेब, बायकोवरची तुमी किती किलोनं उतरवली?"

"मी लग्नच केलं नाही. म्हणून तर पंच झालो."

सकाळी यंत्रासमोर गेनबाने घोड्याला शिव्या हासडल्या. काटा ढिम्म. शेवटी डोळे मिटून त्याने चाबूक ओढला. घोडा दचकून मागे सरला. मग पुढे येऊन त्याने गेनबाच्या हातात नाक खुपसलं.

काटा वर चढला. फिरोजसाहेबांनी चष्मा पुसला आणि खोगीरवाल्याला म्हणाले, "दहा कर."