बुवांचं रेकॉर्डिंग

"काका, चाल ओके आहे. पण मागे तो पक्षी गातोय ना, ए तो बहु सरस!" माइकची वायर सोडवत गरब्याचा अल्बम काढणारा सौमित्र म्हणाला. "आपण पेटी काढून टाकू, पक्षी ठेवू."

लक्ष्मीकांत पेटीशेजारी भिंतीला टेकून बसले होते. कित्येक वर्षांनी नवरात्राचं काम दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी चालत आलं होतं. महिनाभर खपून त्यांनी गरब्याची चाल बांधली, पेटीवर वाजवून मोबाइलवरून सौमित्रला पाठवली. पाठीमागे पिंजऱ्यातला पिवळा कॅनरी बिनबोलावता गायला. घरात त्याला बुवा म्हणत.

"संगीतकार म्हणून नाव माझंच ना?"

"येणार ना काका. 'विशेष आभार'मध्ये."

आवाज नको म्हणून सौमित्रने पंखा बंद केला. भर दुपार. माइक पिंजऱ्याला टेकला. बुवांनी त्याचा स्पंज कुरतडला आणि गप्प बसले. काकडी दिली, खाल्ली. सौमित्रने शिट्ट्या मारल्या, मोबाइलवर दुसऱ्या कॅनरीचं गाणं लावलं. बुवांनी पाठ फिरवली आणि थेट माइकवर शिटले.

"अरे यार!" सौमित्र रुमाल शोधायला लागला.

"उगाच घाम गाळताय," निरुपमाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "ह्यांनी पेटी धरल्याशिवाय तो चोच उघडत नाही. घरात तेवढा एकच श्रोता उरलाय ह्यांना."

"अहो मग सोपं आहे!" सौमित्र खुलला. "काका, तुम्ही वाजवा ना. पेटी नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढून टाकू. काही कळणार नाही."

"आणि नाही वाजवली तर?"

"तर मग जय श्रीकृष्ण, काका. दुसरी चाल तयार आहे माझ्याकडे."

लक्ष्मीकांतांनी सदऱ्याच्या बाहीने मान पुसली. पिंजऱ्याकडे पाहिलं. बुवा दांडीच्या अगदी टोकाला सरकले होते. मान वाकडी करून पेटीकडे बघत होते, गळा आधीच फुगवलेला.

लक्ष्मीकांतांनी पेटी पुढे ओढली, भाता सोडला.

"चला बुवा," ते दमल्या आवाजात म्हणाले, "मला नंतर काढून टाकणार आहेत. जरा सुरात घ्या."